खिळ्यावरची अंगठी

आबा, एक विचारायचं होतं. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा उत्तराची घाई नाही. तुमच्या डाव्या हाताचं ते अंगठीचं बोट नक्की गेलं कसं?

लहानपणी मी विचारलं की दर वेळी नवं उत्तर मिळायचं. "बेळगावच्या ट्रकात ऱ्हायलंय. येईल की परत." नाहीतर, "तुझ्या आईला इच्यार, रश्शात काय घातलंवतं ते." आई पळीच उगारायची. तिच्याकडची हकिगत मात्र एकच, तुम्हीच सांगितलेली. त्या दिवशी तुम्ही तिनं राखणीला आणलेली नृसिंहवाडीच्या दत्ताची अंगठी काढून ठेवलीत, म्हणून ट्रकचा लोखंडी पाटा हातावर पडला, आणि गडबडीत अंगठीही हरवली. मग ती वाडीला जाऊन दुसरी घेऊन आली. "आता काढली तर माझी आण हाय बघा." रोज सकाळी उंबऱ्यात ती विचारायची, "अंगठी हाय न्हवं?" आणि तुम्ही उजवा हात पुढे करायचात.

सुट्टीत डबा घेऊन तुमच्या शाहूपुरीतल्या गॅरेजात आले, तो दिवस आठवतोय. तुम्ही ट्रकच्या हौद्यात उभे आहात, कोपरापर्यंत काळे, आणि खाली नव्या मिस्त्रीवर ओरडताय, "अंगठी काढ आदी! लगीन झालंय ते ठावं हाय समद्यास्नी!" तो बिचारा लाजून लाल. मी तुमच्या हाताकडे बघते, तर बोट मोकळं. अंगठी दत्ताच्या तसबिरीखाली खिळ्याला. "आबा, आईनं बघितलं तर?" "देवाची हाय, देवापाशीच बरी. तू डबा उघड." मला ते पटलं. देवाधर्माचं असेल म्हणून मी भाकरी मोडायला बसले.

आता मी दवाखान्यात सिस्टर आहे आणि चौकशीची खोड काही गेलेली नाही. हात चेंगरून आलेल्या प्रत्येकाला मी विचारतेच, कसं झालं? गेल्या महिन्यात एक मिस्त्री आला. ट्रकच्या हौद्यातून खाली उडी मारताना त्याची अंगठी दोर बांधायच्या हुकात अडकली. माणूस खाली आला, अंगठी वर राहिली. हाड शाबूत, पण कातडी मोज्यासारखी उतरलेली. डॉक्टरांना बोट मुळापासून काढावं लागलं. शेजारच्या बोटांवर मात्र साधा ओरखडा नाही. पट्टी बांधता बांधता माझा हात थांबला. तुमचीही शेजारची बोटं अशीच धडधाकट होती. लोखंडी पाटा पडतो तेव्हा एकच बोट निवडून घेतो का हो?

त्याला विचारलं, घरी काय सांगणार? तो म्हणाला, "अंगठी तिनंच घातलीया सिस्टर, लग्नात. कळलं तर जल्मभर जिवाला लावून घील. जॅक सटकला म्हून सांगतो. तुमी बी त्येच सांगा."

मी बाहेर व्हरांड्यात येऊन रडले, आणि हसूही आलं. काय बेमालूम थाप मारलीत आबा! आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, दुसऱ्या अंगठीनं शेवटपर्यंत सांभाळलं, परत खरचटलंसुद्धा नाही. खरंच आहे की ते. खिळ्यावर बसून सांभाळलं.

चूक असेन तर तसं सांगा. पण तुम्ही सांगणार नाही, आणि आईला मी विचारणार नाही. तिला वाचता येतं, त्यामुळे हा कागदही घरात ठेवायची सोय नाही. लिहून झाला की फाडणार आहे.

एक राहिलं. नोकरी लागली तेव्हा तिनं मलाही वाडीची अंगठी आणली. कामावर अंगठी चालत नाही. मी ती पिनेत ओवून पदराला आतून लावते आणि घराजवळच्या कोपऱ्यावर आले की बोटात घालते. आई दारातच असते. "अंगठी हाय न्हवं?" मी उजवा हात पुढे करते.