त्यांचा हात जड नाही

४ फेब्रुवारी

मल्चर आला! उभ्या झाडाझुडपांचा जागीच भुगा करणारा दातेरी ड्रम. संध्याकाळपर्यंत आमच्या एक्सकॅव्हेटरला जोडूनही झाला. धाकट्या भावाला ड्रमसाठी वेगळ्या इंजिनाचा पॉवर पॅक घ्यायचा होता. धंदा त्याचा, पण यंत्रांचं शिक्षण माझं! मीच नको म्हणाले. "ड्रम तेलाच्या दाबावर फिरतो. मशीनचं स्वतःचं तेल मिनिटाला दोनशे चाळीस लिटर धावतं. ड्रमला दीडशे पुरे."

"ताई म्हणाली म्हणजे झालं!" — भाऊ.

चालवायला अर्थातच आमचे हे. सीटवर बसले ते अगदी नवरदेवाच्या थाटात. मीही दिवसभर मिरवून घेतलं.

७ फेब्रुवारी

ड्रम बारीक झुडपं खातो, खोड आलं की अडकतो. तेलही भलतंच तापतं. भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, एवढं दाबू नका हो. हात जड आहे तुमचा." ह्यांचं उभं आयुष्य यंत्रावर गेलं! पण खाली उतरून ड्रममधलं खोड काढायला लागले.

८ फेब्रुवारी

डबा द्यायला साइटवर गेले होते. मशीन बंद होतं, सहज ड्रमकडे जाणाऱ्या पाइपावर हात ठेवला — आणि माझी चूक कळली. ही लाइन दगड फोडायच्या ब्रेकरसाठी बसवलेली. हिच्यातून जेमतेम नव्वद लिटर येतं. दोनशे चाळीस म्हणजे मशीनच्या दोन्ही पंपांचं मिळून! मी तोच मोठा आकडा धरून बसले होते. ड्रम उपाशी आहे, ह्यांचा काही दोष नाही.

"काय बघतेस?" ह्यांनी विचारलं. "काही नाही," म्हटलं.

उद्या सांगते.

१० फेब्रुवारी

नाही सांगितलं.

१३ फेब्रुवारी

भाऊ जेवायला आला. "दाजी, थोडे दिवस आराम करा. दुसरा ऑपरेटर बघितलाय." ह्यांनी खिशातली किल्ली काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. मी खाली मान घालून वाढत राहिले. लाज वाटते मला माझी.

१५ फेब्रुवारी

नव्या माणसाच्या हातूनही ड्रम अडकला! वाटलं, सुटले, आता आपोआप कळेल. तर भाऊ म्हणतो, "दाजींनी ड्रमची मोटार आधीच मारून ठेवलीय."

हे दुपारभर घरीच. मध्येच तळहात उलटसुलट करून बघत होते. "अगं, खरंच जड झालाय का माझा हात?"

मी विचारलं, "चहा टाकू?"

काय बाई आहे मी!

१७ फेब्रुवारी

सांगितलं! सगळं — पाइप, नव्वद लिटर, माझा तोरा, माझं गप्प बसणं. सांगताना रडले. ह्यांनी शांतपणे ऐकलं. मग ह्यांचेही डोळे भरले. "माझ्यासाठी स्वतःच्या अंगावर घेतेस होय? वेडी कुठली!" गळ्याशपथ म्हटलं, तरी ऐकेनात. पाठीवर थोपटत राहिले.

१८ फेब्रुवारी

सकाळी भाऊ आला. हे कौतुकानं त्याला म्हणाले, "तुझी ताई माझी लाज राखायला खोटंसुद्धा बोलते, बरं का!"

"हो का गं ताई?" भाऊ हसला.

मीही हसले.