पोर्ट सतरा ते चोवीस वाढवले

आप्पा, सोमवारी मी आमच्या संस्थेच्या सचिवांच्या टेबलावरचा कागद सही न करता परत सरकवला. तुम्ही असता तर म्हणाला असता, मोठ्या माणसापुढं एवढी ताठ मान कशाला? तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली आणि मान अजून तशीच आहे. त्याचं खापर मी तुमच्यावरच फोडणार, कारण ज्या शब्दावरून हे सगळं रामायण घडलं तो शब्द तुमचा.

उदगीरच्या बाजारातलं आपलं भांड्यांचं दुकान आठवा. मी सहा वर्षांची. दिवेलागण झालेली, एक बाई घागर ठोकून ठोकून बघते आहे, आणि मी कंटाळून विचारते, "आप्पा, दुकान बंद करायचं का?" गिऱ्हाइकासमोर तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. "बंद व्हायला काय झालंय दुकानाला? वाढवायचं म्हण. पुन्हा असं तोंडातून काढू नको." दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "वाढव गं दुकान," आणि मी आतली परात, तपेली, डबे एकेक करून बाहेर पायरीवर आणून मांडले. वाढवायचं म्हणजे मोठं करायचं, एवढीच माझी अक्कल. शेजारचा कापडवाला पोट धरून हसला. तुम्ही हसला नाहीत. सगळी भांडी मला एकटीला परत आत न्यायला लावलीत. तेव्हापासून तो शब्द अंगात मुरला तो मुरलाच. दिवा विझत नाही, तो वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. माझ्या तोंडून 'बंद' निघत नाही, मी काय करू?

बारावीनंतर तुम्ही डी.एड.चा फॉर्म आणलात. "मास्तरीण हो. पोरीच्या जातीनं वायरीत हात घालू न्हाई." मी तो फॉर्म गादीखाली ठेवला आणि लातूरला तंत्रनिकेतनात नाव घातलं. दोन महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. नका बोलू, म्हटलं. वीस वर्षं झाली, वायरीतच हात आहेत आणि दहाही बोटं शाबूत आहेत.

मी नोकरीला लागले त्या लातूरच्या कॉलेजात तुम्ही एकदाच आलात. धोतर सावरत माझ्या खोलीत बसलात, भिंतीवरच्या लुकलुकणाऱ्या पेटीकडं बघून विचारलंत, "याच्यात माल कुठाय?" तेव्हा मी नुसती हसले. आता सांगते. तिला स्विच म्हणतात, पण ते दिव्याचं बटण नव्हे. तिला चोवीस दारं आहेत, त्यांना पोर्ट म्हणायचं. एकेका दारातून एक वायर निघते आणि भिंतीतून कुणाच्या तरी टेबलापर्यंत जाते. साध्या पेटीची सगळी दारं सताड उघडी असतात. आमची पेटी सांगितलेलं ऐकते. मी खुर्चीत बसून एकेका दाराला सांगते, तू कार्यालयाचं, तुला निकालाचे कागद दिसतील; तू प्रयोगशाळेचं, तुला ते दिसणार नाहीत; तू इतक्याच वेगानं बोल; आणि तुझं आज काम नाही, तू गप्प राहा. शेवटी केलेलं सगळं आठवणीनं जतन करायचं, नाहीतर वीज गेली की पेटी सगळं विसरते, आणि लातुरात वीज जाणं ही काही बातमी नाही. हे काम मला येतं, आप्पा. चांगलं येतं. हे तुम्ही जिवंत असताना तुमच्या तोंडावर म्हणायचं राहिलं.

गेल्या महिन्यात ग्रंथालय रंगवायला काढलं. तिथली आठ सॉकेटं ओस पडली. उघड्या दाराला कोण काय जोडेल याचा नेम नाही, आणि आमच्या जुन्या पेटीला चुकीची जोडणी ओळखून दार आपोआप लावून घेणं जमत नाही. म्हणून मी ती आठ दारं इथून लावून टाकली आणि आमच्या कामाच्या वहीत लिहिलं, 'ग्रंथालय रंगकाम. पोर्ट सतरा ते चोवीस वाढवले.' ही वही आता संगणकात असते, नांदेडच्या शाखेतला माझा जोडीदारही ती उघडतो. मी रजेवर असले की तो तिथून लातूरचं बघतो, तो रजेवर असला की मी नांदेडचं. चांगला माणूस, कामाला चोख. वडील नोकरीवाले, त्यामुळं त्याच्या घरी कधी दुकान वाढवायची वेळ आली नाही.

मी देवणीला चुलतबहिणीच्या लेकीच्या साखरपुड्याला गेले. त्या दिवशी त्यानं वही वाचली. पोर्ट वाढवले, म्हणजे आठ जादा चालू केले. पेटीत बघतो तर आठही मुके. त्याला वाटलं, ताई लिहून गेल्या आणि करायचं विसरल्या. त्यानं माझी राहिलेली आज्ञा स्वतः पुरी केली, आठही दारं उघडली. तिकडं ग्रंथालयात रंगाऱ्यानं लोंबकळणाऱ्या वायरीचं मोकळं टोक, पायात येऊ नये म्हणून, शेजारच्याच सॉकेटात नीट खोचून ठेवलं होतं. एका वायरीची दोन्ही टोकं एकाच पेटीत. एका दारातून गेलेला निरोप दुसऱ्या दारातून परत येतो, पेटी तो पुन्हा सोडते, तो पुन्हा येतो, आणि बघता बघता सगळं जाळं गुदमरतं. प्रवेशअर्जाचा शेवटचा दिवस होता. अहमदपूरकडून एसटीनं आलेल्या पोरी दुपारपर्यंत व्हरांड्यात बसून राहिल्या. काही रडल्या. मुदत वाढवून मिळाली म्हणून निभावलं.

सोमवारी सचिवांनी आम्हा दोघांना बोलावलं. कागद टाइप करून तयार होता, 'माझ्या सदोष भाषेमुळे गैरसमज झाला, यापुढे नोंदी इंग्रजीत करीन.' खाली माझं नाव.

"मॅडम, बंद केले असं सरळ लिहायला काय झालं होतं?"

"सर, चालत्या जागेला बंद म्हणत न्हाईत आमच्यात."

"हे कॉलेज आहे. तुमचं किराणा दुकान न्हाई."

"भांड्याचं," मी म्हणाले. "आमचं भांड्याचं दुकान होतं. भाषा सदोष न्हाई माझी. लिहिलेलं बी बरोबर हाय. ज्याला कळलं न्हाई त्यानं विचारायचं असतं."

आणि कागद सरकवला. आवाज खणखणीत होता. सचिव माझ्याकडं बघत राहिले. तुम्हाला सांगू, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. वीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. त्यांना इंग्रजी हवी असेल तर त्यांनी ती स्वतः लिहावी. मी माझ्या बापाच्या शब्दाची माफी मागणार नाही.

मग कुणावर तरी खापर फुटायचं होतं, ते नांदेडच्या जोडीदारावर फुटलं. काल त्याला हदगावच्या लहान शाखेवर पाठवल्याचं पत्र आलं. बायको नांदेडलाच नोकरीला, तेव्हा आता रोज बसनं जाणं-येणं. मला त्याचा फोन नाही, निरोप नाही.

हे पत्र जाणार कुठं, तुम्हाला पत्ता थोडाच आहे. म्हणून एवढं लिहून टाकते. त्यानं विचारलं होतं, आप्पा. देवणीत पंगतीला बसले होते तेव्हा त्याचा फोन आला, "ताई, वाढवले म्हणजे चालू करायचेत का?" त्याला कळलेलं नाही हे मला लख्ख कळलं. मजा वाटली. म्हणाले, "मराठी येतं न्हवं तुम्हाला? लिहिलंय तसंच हाय," आणि फोन ठेवला. सोमवारी माझं ते खणखणीत बोलणं झाल्यावर तो हळूच म्हणाला होता, "मी विचारलं होतं, ताई." सचिव माझ्याकडं बघत राहिले ते त्यासाठी. मी म्हणाले, आठवत नाही.