पट्टी सुटायच्या आधीची साक्ष

३ नोव्हें. ८७, मंगळ.
एका डोळ्याने लिहितोय. ओळी वर चढतायत, चढू देत. परवा कापडाच्या कारखान्यात लूमवरचा टोकदार धोटा उडाला तो सरळ उजव्या डोळ्यावर. डॉक्टरांनी टाके घातले, पट्टी बांधली. "चौदा तारखेला सोडू. दिसेल की नाही ते तेव्हाच कळेल." रूथमावशी दोन वेळा दूध पाजते. आईची मैत्रीण; मी वर्षभर तिच्याच खोलीत पडून आहे, निजामपुऱ्यात. दूध मला आवडत नाही. सांगायची टाप नाही.

५ नोव्हें.
इस्माईलभाई आला, आमचा जॉबर. लूम बिघडली की तोच नीट करतो. केळी आणली, त्यातली तीन त्यानेच खाल्ली. म्हणे, "दान्या, तू तेरेवाले को बोल, मैं मेरेवाले को बोलता हूँ. कोई तो सुनेगा." मावशी म्हणाली, "एकच आहे रे वर, दोघांचं ऐकून कंटाळेल."
तो गेल्यावर डावा डोळा झाकून बघितलं. सगळं काळं. पट्टी आहे म्हणून काळं, की

६ नोव्हें., शुक्र.
लूमला सुट्टी शुक्रवारी, म्हणून प्रार्थनासभाही शुक्रवारी, मावशीच्या खोलीत. आमचा रविवार दोन दिवस आधीच येतो. गाणी झाली, मग साक्षी. एकेक जण उठून देवाने काय केलं ते सांगत होता. कोणाचा ताप उतरला, कोणाचा मुलगा घरी आला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. उठलो. म्हणायचं होतं, प्रार्थना करा. तोंडातून निघालं, "प्रभूने माझा डोळा बरा केला."
हालेलूया, टाळ्या! पट्टी अजून तशीच आहे हे कोणाला दिसलंच नाही. विश्वासाने बोललो असतो तर गोष्ट वेगळी. भीतीने बोललो.
मावशी रडली आणि तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं: पुढच्या शुक्रवारी उपकारस्तुती, जेवणासकट.
मेलो.

९ नोव्हें.
सकाळी दूध आणायला निघालो, वज्रेश्वरीची एसटी दिसली, चढलो. भीती वाटली की गाव बदलायचं ही जुनी खोड. सोलापूर तसंच सोडलं, सुरतही. आता अकलोलीला, वज्रेश्वरीच्या शेजारीच. गरम कुंडात पाय सोडून दिवसभर बसलो. पाणी फार छान. एकाने कुंडं किती खोल ते सांगितलं, आता आठवत नाही. दुधाची किटली बरोबरच आहे.

१० नोव्हें.
गणेशपुरीकडे चालत निघालो. वाटेत भात कापत होते. एक म्हातारबाबा म्हणाले, "डोल्याला काय झाला रं?" सांगितलं. "घरी कोन हाय?" म्हटलं, मावशी आहे. "मंग हितं काय करतो? ती बोंबलत असंल." तांदळाची भाकर दिली. बांधावर बसून प्रार्थना केली. नेहमी लांबलचक करतो, आज एवढीच: प्रभू, मला फार भीती वाटते. पुढे शब्द सुचेनात. तसाच बसून राहिलो, बरं वाटलं.

११ नोव्हें.
परत आलो. मावशी दारातच. आधी किटली घेतली, मग पाठीत धपाटा. "दूध आणायला गुजरातला गेलेलास?" सगळं सांगून टाकलं. खोटी साक्ष, भीती, सगळं. ती शुक्रवारच्या जेवणाचे तांदूळ निवडत होती. एक खडा काढून टाकला. मग म्हणाली, "हे आता परत डब्यात भरू का? जेवण होणार. पण उठून खरं सांगायचं ते तुझं तू."

१३ नोव्हें., शुक्र.
सांगितलं. "मी पुढचं बोलून गेलो. पट्टी उद्या सुटणार आहे. दिसेल का माहीत नाही. पण बांधावर बसलो तेव्हा प्रभू सोबत होता, एवढं मात्र खरं." टाळ्या नाहीत. कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "हां. आता बस." मग सगळ्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, एवढे हात की मान दुखली. इस्माईलभाई जेवणाच्या वेळेला बरोबर हजर. दोनदा वाढून घेतलं. मीपण.

१४ नोव्हें.
दवाखान्यात. माझा नंबर चौथा. मावशी शेजारी, ओठ हलतायत तिचे, माझेही. गंमत म्हणजे पळावंसं वाटत नाही. एसटी स्टँड इथून दिसतो तरी. नाही दिसलं तर डाव्या डोळ्याने चालणारं काम इस्माईलभाई बघणार म्हणालाय. देवाला काल म्हटलं, डोळा दे. आज म्हटलं, डोळा दे, आणि नाही दिलास तरी आत माझ्याबरोबर चल. पहिलं मागणं अजून सोडलेलं नाही.
तिसरा बाहेर आला. मावशी म्हणते, वही ठेव आता