पंखा अजून फिरतोय

ता. ४, सोमवार
लेकीने स्वयंपाकघरात येऊन मला गरगर फिरवलं! "आई, माझ्या नव्या प्रोग्रामने चाळीस सेकंदांचं काम अर्ध्या सेकंदात!" शुक्रवारी सगळ्याच उमेदवारांनी आपापलं काम साहेबांना दाखवायचं. हिचं पटलं तर नोकरी कायम. देवापुढे दिवा लावला. यादीच्या वहीत 'लेकीची नोकरी' लिहून ठेवलं — खूण मात्र पत्र हातात पडल्यावर.

ता. ५
तिच्या खोलीत भाजी निवडत बसले होते. तिने प्रोग्राम चालवला आणि संगणकाच्या पडद्यावर 'पूर्ण' आलं. वेळ अर्धा सेकंद. पण टेबलाखालचं यंत्र घोंघावतच होतं! मी आपलं नाम घेत होते — बारा नामं झाली तेव्हा कुठे शांत झालं.
म्हटलं, "अगं, झालं ना? मग हे कशाला घरघरतंय?"
"आकडेमोड करणारं आतलं कार्ड तापतं गं. पंखा फिरणारच."
पेपराआडून हे — "मॅट्रिक पास बाईंचा वर्ग सुरू झाला वाटतं!"
बोलू देत. तीस वर्षं यादी लिहितेय. दुकानात चिठ्ठी दिली म्हणून सामान आल्याची खूण मी कधी केली नाही.

ता. ६
सकाळी तिला तेच विचारलं — "तुझं घड्याळ थांबतं कधी? चिठ्ठी दिल्यावर, की सामान आल्यावर?"
हसली. मग हसू आवरून पडद्याकडे वळली. म्हणाली, प्रोग्राम कार्डाला काम सांगतो आणि लगेच पुढे निघतो. कार्ड मागे राबत बसतं. घड्याळ बंद करण्याआधी तिने एक ओळ घातली — कार्डाचं सगळं उरकेपर्यंत थांब.
तेरा सेकंद!
रडवेली झाली पोर. "अर्धाच सांगू का? कुणाला कळणारे?"
"मला कळलं की."

ता. ७
जेवली नाही. मीही आग्रह केला नाही.

ता. ८, शुक्रवार
तेरा सांगितले! साहेबांनी विचारलं, ही थांबायची ओळ बाकीच्यांनी घातली होती का? एकानेही नाही! ती घालून सगळ्यांचं पुन्हा मोजलं, तर हिचंच काम सगळ्यांत वेगवान.
फोनवर ओरडली, "आई, कायम झालेच समज!"
"समज काय? पत्र आलं का?"
"तू ना!"

ता. १५
पत्र आलं. कायम — पण समुद्रापारच्या कचेरीत, पुढच्याच महिन्यापासून. खूण केली. यंत्र इथेच राहणार. म्हटलं, जाण्याआधी मला ते चालू करायला शिकव; पंख्याची घरघर तरी राहू दे घरात.