जिनिव्हाचं कार्ड

लंडन,
१२ फेब्रुवारी २००६

ती. सुनीताईस,
वैभवीचा सा. न. वि. वि.

मेतकूट पोचलं. प्रबंध चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड कुणाच्याच बाजूने लढला नाही. तिथल्या जिनिव्हातून युद्धकैद्यांना खाण्याचे खोके जात, घरच्यांना खुशालीची कार्डं येत. तोच देश जर्मनीला यंत्रं विकत होता, लुटीचं सोनं घेत होता. मला हे पचत नाही.

खरं दुखणं मात्र डॅनिएला. वर्गातली, मुंबईहून इथे आलेल्या मराठी ज्यू घरातली. तिला प्रबंधासाठी आजोबांची युद्धकैदेतली अकरा पत्रं सापडली. तिला मराठी धड वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवते आणि आतून जळते. पुढची स्कॉलरशिप एकच आहे. आपले आजोबाही इटलीत कैदी होते ना! तुझ्या देव्हाऱ्यातलं त्यांचं कार्ड कुरिअरने पाठव.

लोभ थोडा जास्तच असू दे.
तुझी वैभू

कोरेगाव,
१ मार्च २००६

चि. वैभवीस अ. उ. आ.

कार्ड मिळणार नाही. आई आजारी पडली तेव्हा सातवीतून शाळा माझी सुटली, तुझी नाही. तू पदवी घेतलीस, पेढे मी वाटले. त्या दिवशी मीही जळत होते, आज लिहून टाकते. लग्नात मी दागिना नाही, हे कार्ड मागितलं होतं.

शिवाय वाचणार काय? दर दसऱ्याला हळदकुंकू लावून अक्षर बुजलंय. आजी सांगायची, आजोबा बेपत्ता असल्याची तार आली तेव्हा लोकांनी तिचं कुंकू पुसलं. चार महिन्यांनी कार्ड आलं. तिने स्वतःच कुंकू लावलं आणि तेच बोट कार्डावर टेकवलं. तो पहिला ठिपका अजून आहे. त्या देशाने सोनं घेतलं असेल, पण म्हणून तिथल्या खोक्यातून आजोबांना मिळालेला दुधाचा डबा नासला नाही.

रागावलीस तरी पत्र लिही.
तुझी ताई

लंडन,
९ एप्रिल २००६

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावले होते. मग तुझा मजकूर जसाच्या तसा प्रबंधात घातला, खाली तुझं नाव लिहून. सोन्याचं प्रकरणही ठेवलंय. दुधाचा डबा त्याच्या शेजारी.

स्कॉलरशिप डॅनिएलाला मिळाली. तिने मिठी मारली, मीही मारली, जरा सैलच. सर म्हणाले, तुझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं पान ते कुंकवाचं, ते लिहिणारी कोण? माझी बहीण, हे सांगताना जीभ जड झाली गं. डॅनिएलाचा इतका हेवा नव्हता वाटला.

कार्ड तुझ्याकडेच राहू दे, आणि मीही तुझीच.
तुझी वैभू