एकाच पिशवीला दोरा

प्रिय हिना,

तुझ्या नवऱ्याविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे, आणि ती ऐकून घेईल असं दुसरं न्यायालय डहाणूत उरलेलं नाही, म्हणून तुला लिहिते. तक्रार अशी की नारूशेठ चहाच्या पिशवीच्या तोंडाला जे रबर आवळतात, ते चहासाठी आहे की होडी नांगरायला, हे त्यांनी एकदा जाहीर करावं. आज दहाच्या चहाला माझे दोन्ही हात मांदेलीच्या खवल्यांनी भरलेले. रबर सुटेना म्हणून दातांनी ओढलं. रबर उडालं ते बोंबलांच्या ढिगात, निम्मा चहा पदरावर, आणि जी हलती दाढ मी दोन वर्षं जिवापाड जपली, ती आता नुसती नावाला उभी आहे.

बाकी अख्ख्या बाजाराला काचेचा ग्लास. भाजीवाल्याला ग्लास, रिक्षावाल्याला ग्लास, दिवाळीनंतर ज्याने आंघोळ केल्याचं कुणी पाहिलेलं नाही त्या कटलरीवाल्यालाही ग्लास. आम्हा मासळीवाल्यांना मात्र पिशवी. का, तर "ग्लासमां वास बेसे छे, देवकीबेन. धुतला तरी जात नाही." गेल्या वर्षी सरकारने पिशव्या बंद केल्या तेव्हा वाटलं, सुटलो. कसलं काय! आठ दिवस आमचा चहाच बंद झाला, आणि मग कुठून तरी पिशव्या परत आल्या, पहिल्यापेक्षा पातळ. बरं, आम्हीही काही कमी नाही. आमची शुक्री नव्या बायकांना सांगते, "ग्लास काय गं, दहा जणांच्या तोंडचा. आपली पिशवी कोरी, एकटीची." अपमानाला स्वच्छतेचं नाव दिलं की तो गिळायला सोपा जातो, वर गरमही असतो.

आता उभी असशील तर बस. जयश्रीला, तुझ्या लेकीला आणि माझ्या सुनेला, दिवस गेलेत. पाचवा लागलाय. आई असून तुला आधी कळलं नाही म्हणून रुसू नकोस, कारण पुढचं ऐकलंस तर रुसायचंही विसरशील. याआधी दोनदा राहिलं होतं, आणि दोन्ही वेळा गेलं. तू तिकडे वापीला लेकाकडे, जतीनच्या पोराचे लंगोट बदलत होतीस, आणि इथे तुझी पोर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून होती. कळवू दिलं नाही तिने. म्हणाली, "मम्मीला कळलं की पप्पांना कळणार. माझं लग्न झाल्यापासून ते बोलले नाहीत ना? मग आता कीव करून बोलायला यायला नको." या खेपेलाही मला माझ्या उमेशच्या होडीवर हात ठेवायला लावून शपथ घातली. हा ताठा तिने कुणाचा उचललाय, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

डहाणूत बोभाटा नको म्हणून तिला तलासरीला दाखवतो, चारोटीला जीप बदलून. तिथली डॉक्टरीण शांत बाई. काय खातेस, काय पितेस, सगळं विचारत होती. पिशवीतल्या चहाचं ऐकलं तसं तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, उकळता चहा अशा प्लास्टिकात ओतला की त्यातली काही रसायनं चहात उतरतात. त्यातली काही शरीरातल्या हार्मोनांचं सोंग घेतात, आणि पोटातल्या जिवाच्या वाढीत लुडबुड करू शकतात. मी पदर खोचून तयारच होते. विचारलं, "म्हणजे ती दोन यानेच गेली?" तर म्हणते, "तसं मी म्हणणार नाही, मावशी. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण या खेपेला मला शंकेलाही जागा ठेवायची नाही." ते ऐकून मी जास्त घाबरले. छातीठोक बोलणाऱ्या डॉक्टरांची सवय आपल्याला. ही बाई खरं बोलत होती.

आणि मी पडले हुशार. दुसऱ्या दिवसापासून पिशवी आली रे आली की स्टीलच्या पेल्यात ओतायची आणि मगच शेजारी बसणाऱ्या जयश्रीला द्यायची. माझं बघून अख्ख्या ओळीने पेले आणले. गावजेवणाच्या पंगतीला बसल्यासारख्या आम्ही बसायचो. पुढच्या खेपेला डॉक्टरणीला मोठ्या ऐटीत हे सांगितलं, तर तिने कपाळाला हात लावला. "मावशी, जे उतरायचं ते पिशवीतच उतरलं. आता पेला काय करणार?" परतताना चारोटीपर्यंत मी जीपमध्ये तोंडावर पदर ओढून बसले. जयश्रीने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आला की काय म्हणून.

मग मी फर्मान काढलं, तो चहा बंद. पोरीने पपई सोडली, पाट्या उचलणं सोडलं, सुक्या मासळीकडे बघणंही सोडलं. चहा सोडेना. घरून थर्मास भरून नेला, तो भरलेलाच परत आला. शेवटी तोंड सुटलं माझं. "बाळापेक्षा तुला चहा मोठा झाला का गं?" रडली, पण पिशवी ओढून घेतली आणि प्यायली. हिना, मनात नको नको ते आलं. तुमच्या दुकानातला म्हातारा पांड्या चहा घेऊन लांबून येताना दिसला की मी आधी जयश्रीच्या पोटाकडे बघायला लागले. दोनदा पाहिलंय मी ते. तिसऱ्यांदा बघायची माझ्यात ताकद नाही.

आज गालावर हात धरून बसले होते, तेव्हा कुठे तिच्या पिशवीकडे नीट पाहिलं. रबर नव्हतंच. पांढरा दोरा होता, फुलासारखी सैल गाठ मारलेला. एक टोक ओढलं, पिशवी उघडली. ओळीतल्या सगळ्यांच्या पिशव्या पाहिल्या. सगळ्यांना रबर. दोरा एकीलाच. पांड्याला कोपऱ्यात घेतलं तर म्हणाला, "ती शेठ स्वतः बांधतात. मला हात लावू देत नाहीत. पोरीला लहानपणापासून गाठ सुटत नाही म्हणतात." आणि तुझी लेक तो दोरा बोटाला गुंडाळून कमरेच्या बटव्यात ठेवत होती. बटव्यात आधीचे कितीतरी होते. ती काय पीत होती ते मला तेव्हा कळलं. मी तिला हार्मोन शिकवत होते!

म्हणजे बघ. बापाची माया रोज दहा वाजता येते, ती नेमकी त्याच पिशवीतून. त्यांना कळलं तर स्वतःच्या हाताने गटारात फेकतील ती. पण सांगणार कोण? माझं तोंड शपथेने बांधलेलं.

तुला आठवतं, उमेश लहान असताना तापाने फणफणला होता, आणि त्याला टोपलीशेजारी निजवून मी मासळी विकत होते? शेठ दूध आणायला गेलेले. तू मला दुकानातल्या ग्लासात चहा आणून दिलास, आणि ते लांबून दिसले तशी म्हणालीस, "टोपलीत लपव, घेऊन जा." तो निळ्या रेघेचा ग्लास माझ्या फळीवर राहिला तो राहिलाच. आज बाजार उठल्यावर चिंच लावून घासला आणि शेठच्या गल्ल्यासमोर नेऊन ठेवला. त्यांनी उचलला, आपल्या दुकानाची जुनी निळी रेघ ओळखली, मग नाकाशी नेला. इतकी वर्षं मासळीवाल्या घरात राहिलेला ग्लास, आणि त्याला काचेशिवाय कसलाच वास नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. "हा कुठून आला?" म्हणाले. "हिनाला विचारा," एवढं बोलून मी निघाले.

दुकान बंद केल्यावर ते तुला फोन करतील. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून उमेशला तीनच्या गाडीने पाठवतेय, कारण मी फोन केला की तुझी सून स्पीकर लावते. जयश्रीने मला शपथ घातली ती पप्पांना न सांगण्याची. तुझं नाव घ्यायची विसरली, आणि मी काही आठवण करून दिली नाही. तू तर कसलीच शपथ घेतलेली नाहीस. तेव्हा उद्याच्या दहाच्या आत जे सांगायचं ते त्यांना सांग. नाहीच जमलं, तर एवढं तरी सांग की ग्लासाला गाठ नसते, पोरीला सोपा जाईल.

तुझा ग्लास पोचला. तुमच्या घरचं आता माझ्याकडे काही राहिलेलं नाही. पोर तेवढी आहे, ती परत मिळणार नाही.

तुझीच, वासासकट,
देवकी