बुरख्याआडचं पिस्तूल

७८६
देरा, दुबई
ता. १२ नोव्हेंबर १९६३

चि. बदरुद्दीन यास,
आपाचा सलाम आणि पोटभर दुवा.

त्या सकाळी पाणीवाला गाढव घेऊन दारात आला तेव्हा मी तांदळाचं पीठ मळत होते. पीठभरल्या हातांनीच डबे उतरवून घेतले. पाणी फडक्यातून गाळून माठात भरलं, भाकऱ्या भाजल्या, बुरख्याची उसवलेली कड शिवली. सुई डबीत ठेवते तोच शेजारीण धावत आली. सांगू लागली की दुसऱ्या एका पेढीच्या माणसाला गल्लीत सुरा मारला आणि कमरेची सोन्याची पिशवी नेली. जीव वाचला, पण उजवा हात आता कामाचा नाही. मी ऐकून घेतलं, भाकऱ्या झाकल्या आणि रोजच्यासारखी कामाला निघाले.

माझं काम तुला ठाऊक आहे. तुझ्या अन्वरीने विचारलंय म्हणून लिहिते. इथल्या घरंदाज अरब बायका बाजारात येत नाहीत, बाजारच त्यांच्याकडे जातो. बानूचे अब्बा कमरुद्दीन होते तेव्हा ते पेढीचा माल दारापर्यंत नेत आणि मोलकरणीच्या हातून आत पाठवत. ते वारल्यावर पेढीचा शेठ म्हणाला की तू तर थेट आत जाऊ शकतेस. तेव्हापासून बांगड्या, पैंजण, हार फडक्यात बांधून कमरेला लावते, वर बुरखा घेते आणि घरोघर जाते. त्या माणसाचं कळल्यापासून मात्र मागे पाऊल वाजलं की कमरेचं फडकं घट्ट धरते.

शेठने तोड काढली आहे. म्हणतो, जोखमीचं काम करणाऱ्याला पोलीस कचेरीतून पिस्तुलाचं लायसन मिळतं, तुझ्यासाठी अर्ज करू. बुरख्यात काय आहे ते जीव न्यायला येणाऱ्या मलकुल मौतलासुद्धा दिसायचं नाही, असं वर म्हणून हसला. मला हसू आलं नाही. तुझा सल्ला कळव.

बानूला माझा मुका. मामीला कामात मदत करते ना?
तुझीच,
मैमुनाबी


बाणकोट
ता. २ डिसेंबर १९६३

ती. आपास,
बदरुद्दीनचा सलाम विनंती विशेष.

पत्र दोनदा वाचलं, मग अन्वरीला वाचून दाखवलं. ती म्हणाली की ज्या बाईने आयुष्यात कधी कोंबडीच्या मानेवर सुरी फिरवली नाही, ती पिस्तूल काय चालवणार. मी म्हटलं, आमच्या आपाचे शेजाऱ्यांच्या आंब्यावरचे नेम पाहिलेस कुठे तू! आठवतं ना आपा, कैऱ्या पाडायला मला खाली उभं करून तू वर दगड मारायचीस आणि अर्धे माझ्या डोक्यात पडायचे. हे लायसन देणाऱ्या साहेबाला सांगू नकोस.

मस्करी राहू दे. मला हे बरं वाटत नाही. तू परत ये म्हणतो, तर तू म्हणणार की बानूची शाळा आहे आणि मास्तराच्या पगारात दोन घरं कशी चालतील. ते खरं आहे आणि त्याचीच मला लाज वाटते. थोरली बहीण परमुलखात जीव मुठीत धरून फिरते आणि मी इथे मुलांना पाढे शिकवत बसतो. जिवाला खरंच धोका असेल तर घे बाई ते पिस्तूल. पण कुणाला दिसू देऊ नकोस आणि आधी त्याची भीती स्वतः बाळग.

बानू विचारते की पिस्तूल तव्याएवढं जड असतं का. उत्तर तूच दे.
तुझा धाकटा,
बदरुद्दीन


७८६
देरा, दुबई
ता. १० जानेवारी १९६४

चि. बदरुद्दीन यास,
आपाचा सलाम आणि दुवा.

बानूला सांग, तव्यापेक्षा हलकं असतं, पण कमरेला बांधलं की चुलीएवढं लागतं.

लायसन मिळालं. कचेरीतल्या साहेबाने दुभाष्यामार्फत विचारलं की बायकांचं काम ते काय, त्यात एवढा धोका कसला.  मी कमरेचं फडकं सोडून त्याच्या टेबलावर पसरलं. तो सगळं सोनं बघत राहिला आणि मग दुभाष्याला म्हणाला की हे घेऊन मी या टेबलापासून त्या दारापर्यंतसुद्धा एकटा जाणार नाही. शेठची चिठ्ठी होती, बाजारातल्या दोन इभ्रतदार माणसांनी माझ्या चालचलणुकीची ग्वाही दिली. मग शहराबाहेर वाळूत नेऊन, एक डबा ठेवून माझा नेम बघितला. पहिल्या गोळीला डबा जागेवरच आणि दूरचं एक गाढव बोंबलत पळालं. शिपाई पोट धरून हसले. मग मात्र डबा पाडला.

साहेबाने तीन गोष्टी बजावल्या. पिस्तूल बाहेरून दिसता कामा नये. जिवावर बेतल्याशिवाय काढायचं नाही. आणि कधी काढलंच, तर काय झालं ते कचेरीत खरं खरं सांगायचं. खोटं निघालं तर लायसन खलास. मी सही केली. दुभाषा अंगठ्याची शाई पुढे करत होता, ती मी बाजूला सारली. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकलेली अक्षरं तिथे कामी आली, म्हणून जरा ताठ बसले.

नमाजाच्या वेळी पिस्तूल तांदळाच्या डब्यात ठेवते. कमरुद्दीन असते तर काय म्हणाले असते, हे रोज मनात येतं. रमजान तोंडावर आला आहे. आमच्यासाठी दुवा करा.
तुझी,
मैमुनाबी


७८६
देरा, दुबई
ता. २४ फेब्रुवारी १९६४

चि. बदरुद्दीन यास,
सलाम आणि दुवा.

हे पत्र थोडक्यात. दुसऱ्या कुणाकडून कळून तू घाबरू नयेस म्हणून लिहिते. गेल्या आठवड्यात गल्लीत एक माणूस माझ्या मागे लागला. मी पिस्तूल काढलं. गोळी झाडली नाही. माल सगळा जागेवर आहे आणि मी बरी आहे. माणसं जमली, शेठचा नोकर आला, त्याने पुढचं बघितलं. कचेरीतही शेठच बोलला.

ईद बरी गेली. बानूला हे सांगू नकोस. मलाही जास्त विचारू नकोस.
मैमुनाबी


बाणकोट
ता. १८ मार्च १९६४

ती. आपास,
बदरुद्दीनचा सलाम विनंती विशेष.

रागावू नकोस, मी सांगितलं. एकट्या बानूलाच नाही, सगळ्यांना. जुम्म्याच्या नमाजानंतर बंदरावर माणसं बसली होती, तिथे तुझं पत्रच वाचून दाखवलं. म्हातारे तांडेल उठून उभे राहिले. एकजण म्हणाला की बाणकोटच्या किल्ल्यावरची तोफ मुकी झाली तरी लेकी अजून बोलतात. अन्वरीने तर गोष्टीला इतका मीठमसाला लावलाय की आता चोर तीन झालेत आणि एकाच्या हातात तलवार आहे. बानू शाळेत मान वर करून चालते. काल मला म्हणाली की बाप गेल्यावर मुली मला बिचारी म्हणायच्या, आता कुणी म्हणत नाही.

बोटीने आलेल्या माणसाकडून कळलं की तो चोर आपल्याच बाजूचा, वेळासचा गनी. एका अरबाच्या घरी खानसामा होता म्हणे. मला मोठा धक्का बसला. त्याचा बाप सरळ माणूस. आता त्याच्या दाराशी कुणी थांबत नाही. गनीच्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. गेल्या जुम्म्याला म्हातारा नमाजाच्या रांगेत माझ्या शेजारी उभा राहायला आला. मी उठून पुढच्या सफेत गेलो.  बरोबरच केलं ना मी? बहिणीवर हात टाकणाऱ्याच्या बापाला खांदा कसा लावू?

जपून राहा. तुझा अभिमान वाटतो.
बदरुद्दीन


७८६
देरा, दुबई
ता. ८ एप्रिल १९६४, बुधवार

चि. बदरुद्दीन यास,
आपाचा सलाम.

तुझं पत्र आज सकाळी आलं. तू विचारलंस, बरोबर केलं ना. नाही केलंस. पण ते माझ्यामुळे झालं.

गनीने माझ्यावर हात टाकला नाही. मी त्या दिवशी त्याच्या मालकाच्या घरात पैंजण दाखवत होते. बायकांची घाई, मुलांची रडारड, त्यात एक पैंजण कॉफीच्या तबकाखाली राहिलं. मी गाठोडं बांधून निघाले. पेले उचलताना गनीला ते दिसलं. कुणाला न विचारता तो तसाच माझ्यामागे धावला. आता तूच सांग, आपल्याकडचा भला माणूस बुरख्यातल्या परक्या बाईला भर गल्लीत हाक कशी मारणार? नावाने हाक मारायची सोय नाही, थांब म्हणायची सोय नाही. तो नुसता खाकरत राहिला आणि पावलं उचलत राहिला. तो जितका अदबीने गप्प, तितकी मी घाबरत गेले. माझ्या डोळ्यांपुढे सुरा लागलेला तो माणूस. वळले ते पिस्तूल हातात घेऊनच.

तो मातीत बसला. दोन्ही हात डोक्यावर, एका हातात पैंजण. आपल्या बोलीत म्हणाला की बाय, तुमची वस्तू राहिली होती, मला पोरं आहेत. मला सगळं कळलं. तबक आठवलं, पैंजण ठेवल्याची जागा आठवली. पिस्तूल मात्र खाली गेलं नाही. तेवढ्यात माणसं धावली. शेठच्या नोकराने त्याच्या हातातलं सोनं बघितलं आणि चोर म्हणून ओरडला. माझ्याकडे वळून विचारलं की याने हिसकावलं ना?

मी गप्प राहिले, बदरू. मान हलवली नाही, पण नाहीसुद्धा म्हटलं नाही. डोक्यात एकच होतं, की चुकून पिस्तूल काढलं हे कळलं तर लायसन जाईल, त्याबरोबर काम जाईल, आणि बानू. कचेरीत शेठ बोलत होता तेव्हा मी भिंतीकडे बघत उभी होते. साहेबाने मला विचारलं की असंच झालं का, तेव्हा मी मान हलवली. तिथे हलवली.

माल जागेवर होता म्हणून कचेरीने गनीला सोडलं, पण मालकाने काढलं. आपल्या गावकऱ्यांच्या खोलीत तो पडून असतो, पण त्याच्या हातचं कुणी खात नाही. त्याचा हात सोन्याला लागला म्हणतात, आमच्या ताटाला नको. परवाच्या बोटीने त्याला गावी पाठवणार आहेत. मी एकदा त्या गल्लीतून गेले तर त्याने मला ओळखलं आणि बाजूला होऊन वाट दिली. मला वाटलं होतं की तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

 पिस्तूल हातात असताना मला ज्याची भीती वाटली तो निर्दोष होता, आणि ज्याच्यापासून जपायचं ते माझ्याच तोंडात होतं. मी कुणाला तोंड दाखवू? तू बंदरावर माझं पत्र वाचलंस, तसं हेही तिथेच वाच. गाळू नकोस काही. आधी त्या म्हाताऱ्याकडे जा. बानूला तू स्वतः सांग, मीठमसाला न लावता. ती माझ्यावर रुसली तर रुसू दे, पण खोट्या मानाने शाळेत जाऊ नये.

कचेरीत जायची हिंमत अजून झालेली नाही. दोनदा दारापर्यंत जाऊन आले. काम गेलं तर पुढे काय, हे मला ठाऊक नाही.

माझ्यावरचा लोभ कमी झाला तर मी विचारणार नाही, पण बानूवरचा तेवढाच राहू दे.
आपा

ता.क. हे पत्र टपालात टाकायचं राहून गेलं, म्हणून लिहिते. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी आधी त्या अरबाच्या घरी गेले आणि बैठकीच्या दारात उभी राहून मालकाला सगळं सांगितलं. मग शेठला सांगितलं. तो मला खूप बोलला. मग कचेरीत जाऊन पिस्तूल आणि लायसन साहेबाच्या टेबलावर ठेवलं, आणि गनी चोर नाही असं आपल्या अक्षरात लिहून खाली सही केली.